दुधाचीच आहे, पडेल

माझ्या मूर्खपणापायी माझ्या मुलीची एक दाढ गेली. खालची, डावीकडची, कायमची. ती तेव्हा आठ वर्षांची होती आणि मी एकतीस. एकतीस हे काही अजाण वय नव्हे, त्यामुळे ती सबब मला वापरता येत नाही. उलट त्या वयात मला जेवढं कळत होतं तेवढं पुढे कधीच कळलं नाही. मुलांचं खाणं, झोप, पोट, सर्दी, दृष्ट, प्रत्येक गोष्टीवर माझं ठाम मत असे आणि ते मी कुणी न विचारता देत असे. आज ती बाई मला जिन्यात भेटली तर तिला वाट द्यायला मी बाजूला होईन आणि ती वर गेली की मागून जीभ काढून दाखवीन.

साठीचं दशक सरत आलं होतं तेव्हा ह्यांची कलकत्त्याला बदली झाली. गार्डन रीचला रेल्वेची कचेरी आणि तिथून चालत दहा मिनिटांवर आमचं क्वार्टर, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून नदी दिसायची नाही, पण जहाजांचे भोंगे ऐकू यायचे. हे सकाळी नऊला गेले की घरात मी आणि अडीच वर्षांची मुलगी. मला बंगालीचा गंध नव्हता. हिंदी यायची ती सातारी. भाजीवाल्याला 'दुधी भोपळा' समजावायला मी हवेत दोन्ही हातांनी आकार काढायची, आणि तो मला भलतंच काहीतरी काढून द्यायचा. दुपारी पोर रडायला लागली की मलाही रडावंसं वाटायचं. पण माझ्या हातात गूळ द्यायला कुणी नव्हतं. तिच्या हातात द्यायला मी होते.

थंडीत तिथे खजुरीच्या रसाचा नवा गूळ यायचा. मातकट रंगाची, मऊ, धुरकट वासाची ढेप. मी त्या गुळाच्या प्रेमातच पडले. पोर पडली, गूळ. शाळेत जायचं नाही म्हणाली, गूळ. जेवली नाही, तर गुळाचा खडा दाखवत एकेक घास. शेजारच्या गल्लीत दुपारी संदेशवाला यायचा, छेन्याची मिठाई विकणारा. त्याच्याकडूनही रोज दोन. झोपताना दुधाच्या बाटलीत तोच गूळ विरघळवून द्यायचा, आणि बाटली तोंडात असतानाच ती झोपायची. चार वर्षांची होईपर्यंत. चॉकलेटला मात्र आमच्या घरात सक्त बंदी होती. ह्यांच्या साहेबांनी एकदा चॉकलेटचा डबा दिला तर मी तो सरळ शेजारी देऊन टाकला आणि वर म्हटलं, "आमच्याकडे दात किडवणाऱ्या वस्तू आणत नाहीत." हे बोलताना माझ्या दुसऱ्या हातात गुळाची बाटली होती, हे मला आजही आठवतं.

दात सकाळी घासायचे. दंतमंजन बोटावर घेऊन मीच तिच्या तोंडात फिरवायची, पुढच्या दातांवर चार वेळा, की झालं. मागे बोट पोचत नाही आणि मागचं कोण बघतंय? रात्रीही दात घासायचे असतात, हे मी ऐकलं होतं, पण ती मला साहेबी थेरं वाटायची.

तीन-साडेतीन वर्षांची झाली तेव्हा तिचे वरचे पुढचे चार दात तपकिरी झाले. मग झिजून बारीक खुंट राहिले. खाली तळमजल्यावर एक बंगाली आजी राहायच्या. त्यांना सगळेच माशीमा म्हणत. मीही म्हणू लागले. त्या मला 'बऊमा', म्हणजे सूनबाई म्हणत. आमची हिंदी दोघींचीही तेवढीच मोडकी, त्यामुळे आमचं छान जमायचं.

एकदा जिन्यात त्यांनी पोरीची हनुवटी धरून तोंड वर केलं. "बऊमा, ये दाँत में तो पोका लग गया है. डॉक्टर देखाओ." पोका म्हणजे कीड, एवढं मला कळलं.

"माशीमा, दूध के दाँत हैं," मी म्हटलं. "गिर जाएँगे."

"गिरने से पहले दुखेगा ना?"

"नहीं दुखता. मेरी लड़की रोती ही नहीं."

रडेल कशी? रडली की तोंडात गूळ.

सासूबाईंना मी आंतर्देशीय पत्रातून विचारलं होतं. त्यांचं उत्तर आलं, दुधाच्या दातांची काळजी करू नये, ते जायलाच आलेले असतात. मुलीला भरपूर खायला घाल, तू तिकडे एकटी आहेस, ती अशक्त व्हायला नको. ते पत्र मी जपून ठेवलं. पुढे कुणीही दातांचा विषय काढला की मी म्हणायची, "आमच्या सासूबाई म्हणतात..." सासूबाईंचं मी एरवी एकही ऐकत नसे. पण ही एक गोष्ट मला सोयीची होती.

आणि वाईट असं, की माझं खरं ठरलं. सहाव्या-सातव्या वर्षी ते चारही खुंट एकामागून एक पडले आणि त्यांच्या जागी पांढरेशुभ्र, रुंद, करवती कडांचे नवे दात आले. मी त्या दिवसांत जणू स्वतःच ते दात घडवले असावेत अशा तोऱ्यात वावरत होते. पहिला खुंट पडला तेव्हा घरच्या रीतीप्रमाणे तो शेणाच्या गोळीत घालून छपरावर टाकायचा होता. मागच्या खाटालात, म्हणजे गोठ्यात, म्हशी होत्या, शेण मिळालं. पण आमच्या क्वार्टर्सना कौलं कुठली, सपाट गच्ची. मी खालच्या अंगणात उभी राहून गोळी जोरात वर फेकली. ती गच्चीपर्यंत पोचलीच नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या पलंगपोसाला लागली. त्या बाई पुढे महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मुलगी मात्र हसून हसून खाली बसली. तिला वाटलं, नवा दात आला तो त्या फेकीमुळेच.

माशीमांना मी मुद्दाम बोलावून ते नवे दात दाखवले. "देखिए! बोला था ना?"

माशीमांनी बघितलं. मग बोटाने तिचा गाल बाजूला करून आत बघितलं. "और ये पीछे वाला? ये काला क्या है?"

खाली डावीकडे, सगळ्यांत मागे एक मोठी दाढ होती. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास आली होती. तिच्याआधी तिथे काहीच नव्हतं, काही पडलं नव्हतं, नुसती हिरडी फुगली आणि मागून दाढ बाहेर आली. मी हिशेब केला: नवा दात येतो तो जुना पडल्यावर. इथे काही पडलं नाही, म्हणजे ही नवी नव्हे. दुधाचीच, जरा उशिरा आली इतकंच. माझ्या डोक्यात हा हिशेब इतका पक्का बसला होता की मी तो कुणाला विचारला देखील नाही.

"वो भी दूध का है, माशीमा. वो भी गिरेगा."

ती दाढ कायमची असते. सहाव्या वर्षी ती गुपचूप मागून येते, कुणालाही न पाडता. आज हे कुठल्याही शाळेच्या फळ्यावर लिहिलेलं असतं. त्या वेळी माझ्यासारख्या बायकांना ते कुणी सांगत नव्हतं हे खरं आहे. पण माशीमा सांगत होत्या, आणि मी त्यांना त्यांच्याच समोर मूर्खात काढत होते, हेही तितकंच खरं आहे.

त्या दाढेत आधी काळा ठिपका पडला, मग खड्डा. मुलगी एका बाजूनेच चावू लागली. गार पाणी प्यायली की तोंड वाकडं करायची. मी लवंग दिली, "दाढेखाली धर, जिभेने दाबून ठेव." मिठाच्या पाण्याच्या चुळा दिल्या. फार कळवळली तर काय दिलं ते सांगायला नको. दुखण्यासाठी तेच, ज्याने दुखणं आणलं.

हे एक-दोनदा म्हणाले, "अगं, एकदा दाखवून तरी आण."

"दुधाच्या दाताला डॉक्टर? उद्या नखं कापायला सर्जन बोलवा."

हे हसले. माझ्या विनोदाला ते नेहमी हसायचे. तो विनोद त्यांनी कचेरीतही सांगितला म्हणे.

आठवं सरलं त्या वर्षी पावसाळ्यात एका सकाळी ती उठली तर डावा गाल कानापर्यंत सुजलेला. अंगात ताप. तोंड उघडवेना. दाढेच्या बुडाशी हिरडीवर एक पिवळा फोड. तरीही मी पहिल्यांदा काय म्हणाले, माहीत आहे? "पडायला आली वाटतं."

माशीमा वर आल्या, बघितलं, आणि पहिल्यांदा माझ्यावर ओरडल्या. काय ओरडल्या ते मला कळलं नाही, बंगालीत होतं. पण त्या पायात चपला घालूनच आल्या होत्या आणि हातात पिशवी होती. हे तेव्हा कामासाठी खरगपूरला होते. आम्ही दोघी पोरीला शालीत गुंडाळून निघालो. खिदिरपूरहून ट्राम. ट्राम मैदानातून जाताना ती एरवी बाहेर घोडे शोधायची. त्या दिवशी ती माझ्या मांडीवर सुजलेला गाल वर करून पडून होती. फोर्ट विल्यमचा दरवाजा आला, गेला.

माशीमांच्या ओळखीचा दाताचा डॉक्टर बऊबाजारच्या बाजूला होता. चिनी. त्याच्या दारावर हिरड्यांसकट दातांची एक भलीमोठी गुलाबी कवळी रंगवली होती, ती पाहून मी पायरीवरच थांबले. माशीमांनी मला कोपराने आत ढकललं. डॉक्टर म्हाताराच होता, कलकत्त्यातच जन्मलेला, त्याच्या बापाचंही तेच दुकान. बंगाली तो माशीमांसारखंच बोलायचा. त्याने फार वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून हिंदीत एवढंच म्हणाला, "निकालना पड़ेगा."

"हाँ हाँ, निकालिए," मी म्हटलं. मला सुटल्यासारखं वाटलं. पडणारच होती ती जरा लवकर पडेल, एवढंच माझ्या मनात होतं.

काढताना ती ओरडली नाही. माझा अंगठा तिने धरला होता. त्यावर तिच्या नखांचे चार अर्धगोल उमटले. दाढ बाहेर आली तेव्हा मला आश्चर्य वाटलं, ती केवढी मोठी होती, आणि तिला केवढी लांब मुळं होती. आतापर्यंत पडलेल्या दातांना मुळं नव्हतीच. पण तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी रुमाल पुढे केला. "डॉक्टर साहब, वो मुझे दे दीजिए."

"क्या करेंगी?"

मी त्याला शेणाची गोळी आणि छप्पर समजावलं, पुन्हा हातांनी आकार काढून. असं केलं की नवा दात लवकर येतो, म्हणून.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीतल्या पोरीच्या डोक्यावरून माशीमांशी बंगालीत बोलू लागला. लांब बोलला, हलक्या आवाजात, अजिबात न रागावता. माशीमांचा चेहरा उतरला. दाढ मात्र त्याने कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"क्या बोला, माशीमा?"

"बाद में, बऊमा. घर चलो."

परतीच्या ट्राममध्ये पोर कापसाचा बोळा चावत बसली होती. बोळा काढल्यावर तिने पहिलं विचारलं ते मराठीत, मला. "आई, इथे नवी येईल ना?"

"येणार तर!" मी म्हटलं. "पंधरा दिवसांत टोक दिसेल बघ."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खिडकीकडे वळली.

घरी आल्यावर ती वर जाऊन पडली आणि माशीमांनी मला जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसवलं. मोडक्या हिंदीत सांगितलं. ती दाढ दुधाची नव्हती. तिच्या जागी दुसरी येत नाही. कधीच नाही. वर्षभर आधी आणली असती तर डॉक्टर खड्डा बुजवू शकला असता. कागदाची पुडी माझ्या मुठीत होती. मी ती घेऊन मागच्या खाटालाकडे गेले, आणि उभी राहिले, आणि परत आले. ती पुडी पुढे कुठे गेली ते मला सांगता येत नाही. मी ती टाकली असणार.

मग मी जे केलं ते सांगायला मला दाढेपेक्षा जास्त लाज वाटते. हे खरगपूरहून आल्यावर मी त्यांना म्हटलं, डॉक्टर म्हणाला, वेळ लागेल. सासूबाईंना लिहिलं, इथल्या डॉक्टरने घाई करून चांगली दाढ उपटली. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला चारजणींत सांगितलं, "त्या चिनी माणसाकडे चुकूनसुद्धा जाऊ नका हं." आणि मुलीला सांगितलं, येईल.

ती विचारायची. अधूनमधून, पंधरा दिवसांनी, महिन्याने. शाळेतून आली की खिडकीजवळ उभी राहून तोंड उघडायची. "आई, बघ ना, काही आलंय?"

मी उजेडात बघायची. हिरडी गुळगुळीत, गुलाबी, बंद झालेली. बोट फिरवून म्हणायची, "अजून नाही. पण येईल हं. इथे जरा कडक लागतंय." कडक वगैरे काही लागत नव्हतं. दरवेळी मी ठरवायची, या खेपेला सांगायचं. आणि दरवेळी ती इतक्या विश्वासाने तोंड मिटायची की माझ्याच्याने बोलवत नसे. निदान मी त्याला विश्वास समजत होते. मला सगळं कळत होतं ना.

गूळ मात्र घरात यायचा बंद झाला. रात्री ब्रश आला. ती कुरकुर न करता घासायची, मागपर्यंत, त्या रिकाम्या जागेवरूनही.

माशीमांनी एकदा विचारलं, "मेये को बोला?" मुलीला सांगितलंस?

"नहीं."

त्या मटार सोलत राहिल्या.

दीड-दोन वर्षं गेली. एवढ्या काळात मला बंगाली समजू लागलं होतं. बोलायला मी अजूनही घाबरायची. पण बाजारात, जिन्यात, नळावर कानावर पडून पडून समजायचं सगळं. हे घरात कुणाला माहीत नव्हतं, कारण मी बंगालीत तोंडच उघडत नसे. मुलीचं उलट होतं. तिला बंगाली तर शाळेत गेल्यापासूनच येत होतं. मराठीच अडखळत बोलायची, 'मी गेली' म्हणायची. लहानपणापासून माशीमांच्या नातीबरोबर वाढलेली. दोघी एका वर्गात, एका बाकावर.

एका दुपारी मी वाळलेले कपडे घेऊन गच्चीवरून उतरत होते. दोघी खालच्या वळणावर पायरीवर बसून चिंच खात होत्या. माशीमांच्या नातीचा एक दात हलत होता, ती तो जिभेने ढकलत होती. तिने विचारलं, तुझी ती दाढ अजून नाही आली?

माझी मुलगी सहज म्हणाली, "ओटा आर उठबे ना." ती आता यायची नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी तुझ्या आजीला सांगितलं होतं, मी खुर्चीतच होते ना, ऐकलं मी. मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, "मा जाने ना. मा-के बोलिस ना किंतु. मा कष्ट पाबे." आईला माहीत नाही. आईला सांगू नकोस हं. तिला फार वाईट वाटेल.

"तोर मा बोझेनि?" तुझ्या आईला कळलं नाही?

"मा तो बांगला बोझे ना." आईला बंगाली कळत नाही.

मी कपड्यांचा भारा छातीशी धरून वरच्या पायरीवर उभी होते. एका कपड्याचा चिमटा निघाला आणि जिन्यावरून टक टक करत त्यांच्या पायांशी गेला. दोघींनी वर बघितलं. माझ्या मुलीने माझा चेहरा नीट न्याहाळला. मग निर्धास्त झाली. आईला बंगाली कळत नाही.

म्हणजे ट्राममध्ये तिने मला विचारलं तेव्हा तिला उत्तर ठाऊक होतं. आणि मी 'येणार तर' म्हणाले तेव्हा तिला वाटलं, आईला कुणी सांगितलंच नाही. आठ वर्षांची पोर, गालात कापूस, आणि तिने तिथल्या तिथे ठरवलं की हे आपण आईला कळू द्यायचं नाही. नंतरची ती खिडकीजवळची तपासणी माझ्यासाठी होती.

त्या संध्याकाळी वीज गेली होती. हे अजून कचेरीतून यायचे होते. मी कंदील पुसत होते, ती समोर गणितं करत होती. मी मनाशी म्हटलं, आता पुरे. सांगून टाकायचं. मला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत आहे, मीच ती दाढ घालवली, मीच तुला खोटं सांगितलं.

"बाळ," मी म्हटलं, "तुझ्या त्या दाढेचं..."

तिने चटकन मान वर केली. पेन्सिल खाली ठेवली. आणि मी ज्या सुरात इतके दिवस तिला सांगत आले होते त्याच सुरात, माझ्याहून जास्त समजूतदारपणे, ती म्हणाली, "येईल गं आई. कुणाकुणाला उशीर लागतो."

आणि मी, एवढी मोठी बाई, म्हणाले, "हो."